डिस्क कडक घ्यावी की मऊ? डिस्क गोल्फमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डिस्क गोल्फमध्ये तबकडीसारखी डिस्क फेकत फेकत खांबावर साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते, आणि बास्केटजवळून केलेल्या फेकीला पट म्हणतात. नव्या खेळाडूला पहिली डिस्क निवडताना पाहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. तो डिस्क उचलतो, दोन्ही हातांनी वाकवून बघतो आणि जी सहज वाकते ती बाजूला काढून ठेवतो. मऊ प्लास्टिक हाताला छान लागतं, शिवाय ते साखळ्यांत अडकून राहील असंही वाटतं. काहींची ही निवड बरोबर ठरते. पण बऱ्याच जणांचे पट महिनोन्महिने थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे जात राहतात आणि कारण सापडत नाही. त्यांनी विचार साखळ्यांचा केलेला असतो, बोटांचा नाही. डिस्क साखळ्यांपाशी पोचते तेव्हा आपलं काम कधीच संपलेलं असतं. ती हातातून कशी सुटली त्यावर पट आत जाणार की नाही हे बरंचसं ठरतं, आणि प्लास्टिक कडक की मऊ याचा मोठा परिणाम त्या सुटण्याच्या क्षणीच होतो.

म्हणून इथे पटरवर, म्हणजे पट करायच्या डिस्कवर, सर्वात जास्त लिहिलं आहे. ड्रायव्हरबद्दल, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कबद्दल, थोडक्यात, कारण नव्या खेळाडूला तिथे फार डोकं लावायची गरज नसते.

पहिली पायरी: तीन गोष्टी वेगळ्या करा

प्लास्टिकबद्दल बोलताना लोक तीन गुण एकत्र करून टाकतात: कडकपणा, पकड आणि टिकाऊपणा. हे तिन्ही वेगवेगळे आहेत.

कडकपणा म्हणजे डिस्क वाकवायला किती जोर लागतो. पकड म्हणजे पृष्ठभाग बोटांना किती धरून राहतो. टिकाऊपणा म्हणजे झाडावर, दगडावर आपटून तिचा आकार किती दिवस तसाच राहतो. मऊ डिस्क बहुतेकदा चिकटही असते, म्हणून मऊ म्हणजे चांगली पकड असा समज होतो. पण कडक असूनही कोरडी, खरखरीत आणि उत्तम पकड देणारी प्लास्टिकं आहेत, आणि मऊ असूनही ओली झाल्यावर साबणासारखी निसटणारीही आहेत.

टिकाऊपणाचा गोंधळ त्याहून मोठा. कडक ते टिकाऊ हे आपल्या रोजच्या अनुभवातून आलेलं गणित इथे लागू पडत नाही. खेळाडू ज्याला बेस प्लास्टिक म्हणतात ते हाताला बरंच ताठ असू शकतं, तरी झाडावर चार वेळा आपटलं की कडेवर खाचा पडतात. उलट प्रीमियम म्हणवली जाणारी प्लास्टिकं बहुतांशी पॉलियुरेथेन जातीची असतात. ती वाकतात, परत मूळ आकारात येतात आणि वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्यातही ताठ आणि लवचीक असे दोन्ही प्रकार मिळतात. तेव्हा डिस्क निवडताना स्वतःला दोन स्वतंत्र प्रश्न विचारा: मला बेस हवं की प्रीमियम? आणि मग, मला ताठ हवं की मऊ?

दुसरी पायरी: डिस्क हाताने तपासायला शिका

दोन्ही हातांत धरून डिस्क दुमडणं ही सगळ्यात लोकप्रिय चाचणी आणि सगळ्यात कमी उपयोगाची. फेकताना आपण डिस्क कधीच तशी दुमडत नाही. शिवाय थंडीत ताठ बेस प्लास्टिक जोरात दुमडलं तर ते पांढरं पडू शकतं किंवा त्याला तडा जाऊ शकतो. त्याऐवजी हे करून बघा.

डिस्क पट करताना धरता तशीच धरा. अंगठा वरच्या भागावर, म्हणजे माथ्यावर ठेवा आणि दाबा. माथा किती खाली जातो? मग अंगठा सैल सोडा आणि नुसत्या बोटांनी कडा दाबा. कडा बोटांच्या जोरापुढे झुकते की तशीच राहते? या दोन उत्तरांत फरक असू शकतो आणि तो महत्त्वाचा आहे. काही पटरचा माथा मऊ पण कडा भक्कम असते. काहींची कडाच लिबलिबीत असते. माझ्या मते नव्या खेळाडूने कडेकडे आधी बघावं, कारण फेकताना शेवटपर्यंत बोटं तिथेच असतात.

यानंतर डिस्क तळहातावर उपडी ठेवून माथ्याचा आकार बघा: सपाट आहे की घुमटासारखा फुगीर? प्लास्टिक साच्यातून निघाल्यावर थंड होताना आकसतं आणि वेगवेगळी मिश्रणं वेगवेगळी आकसतात. त्यामुळे एकाच साच्यातली डिस्क एका प्लास्टिकमध्ये सपाट आणि दुसऱ्यात फुगीर निघते. कडेवरच्या जोडरेषेची उंचीही थोडी बदलते. ही रेषा उंच असली तर डिस्क साधारणतः जास्त स्थिर असते, म्हणजे उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा ओढत, फेकणाऱ्याची डिस्क शेवटी डावीकडे अधिक ओढली जाते. मऊ घेतली म्हणून वेगळी उडाली असं वाटतं, पण पुष्कळदा उडण्यातला फरक मऊपणाचा नसून या आकाराचा असतो.

शेवटी वजन बघा. तुलना करायची तर दोन्ही डिस्क एकाच वजनाच्या हव्यात. पीडीजीए, म्हणजे व्यावसायिक डिस्क गोल्फची संघटना, डिस्कच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅम एवढं वजन चालवते. २१.२ सेंटिमीटर व्यासाच्या पटरला त्यामुळे जवळपास १७६ ग्रॅमची मर्यादा येते, आणि म्हणूनच बहुतेक पटरवर १७० ते १७५ दरम्यानचे आकडे लिहिलेले दिसतात. १६५ ग्रॅमचा मऊ आणि १७५ ग्रॅमचा कडक पटर फेकून आलेला निष्कर्ष प्लास्टिकबद्दल काहीच सांगत नाही.

कडकपणालाही नियमांची वरची हद्द आहे. डिस्क वाकवायला लागणारा जोर साधारण १२ किलोच्या पुढे जाता कामा नये. उडती वस्तू कुणाला लागण्याची शक्यता असलेल्या खेळात ते योग्यच आहे. तेव्हा मान्यताप्राप्त डिस्क कितीही कडक वाटली तरी ती थोडी वाकणारच.

तिसरी पायरी: नावांवर विसंबू नका, पण ती समजून घ्या

प्रत्येक कंपनीची प्लास्टिकची नावं वेगळी, आणि त्यांत कुठलंही समान माप नाही. तरीही काही नावं कानावर असलेली बरी.

इनोव्हाचं डीएक्स हे बेस प्लास्टिक. चॅम्पियन पारदर्शक आणि ताठ, स्टार अपारदर्शक आणि हाताला थोडं अधिक धरणारं, तर जीस्टार त्याचंच लवचीक रूप. डिस्क्राफ्टचं झेड साधारण चॅम्पियनच्या घरातलं. ईएसपी अपारदर्शक, आणि झेड फ्लेक्स नावाप्रमाणे मऊ. लॅटिट्यूड ६४ ने मात्र पटरच्या बेस प्लास्टिकला सरळ झीरो हार्ड, झीरो मीडियम आणि झीरो सॉफ्ट अशी नावं दिली आहेत. वेस्टसाइडचं बीटी प्लास्टिकही हार्ड, मीडियम आणि सॉफ्ट अशा तीन पायऱ्यांत मिळतं. डायनॅमिक डिस्क्सचं क्लासिक ताठ, क्लासिक सॉफ्ट मऊ आणि क्लासिक ब्लेंड या दोन्हींच्या मधलं. एमव्हीपीचं इलेक्ट्रॉन सॉफ्ट, मध्यम आणि फर्म असं येतं. कास्टाप्लास्टचं के१ आणि के१ सॉफ्ट ही प्रीमियम जोडी आहे. गेटवेने तर विझर्ड हा पटर कडकपणाच्या इतक्या छटांमध्ये काढला की त्यातल्या अतिमऊ प्रकाराचं नावच सुपर स्टुपिड सॉफ्ट आहे.

नवख्यांना इथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टइतकं मऊ असू शकतं. त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या दोन डिस्कही वेगळ्या घाण्यातून निघाल्या तर वेगळ्या लागतात, आणि रंगाप्रमाणेही थोडा फरक पडतो. म्हणून शक्य असेल तर जी डिस्क घरी न्यायची तीच हातात घेऊन दाबून बघा. ते शक्य नसेल तर ज्या कंपन्या तीन पायऱ्यांत नावं देतात त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण तिथे निदान मधली पायरी कुठली हे कळतं.

चौथी पायरी: पटर

डिस्क सुटते त्या क्षणी काय घडतं ते बघू. पट करताना बोटं माथ्याखाली पंख्यासारखी पसरलेली असतात किंवा कडेच्या आत वळलेली असतात, आणि अंगठा वरून दाबत असतो. हात पुढे जातो, मनगट उघडतं आणि डिस्क स्वतःच्या वेगाने बोटांतून ओढली जाते. ती बोटांतून दर वेळी एकाच क्षणी निघाली तर दिशा एकच राहते. क्षणभर उशिरा निघाली, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पट बास्केटच्या उजवीकडे जातो. क्षणभर आधी निघाली तर डावीकडे.

कडक पटर या बाबतीत स्पष्ट बोलतो. बोटांनी दिलेला जोर कडेत मुरत नाही, त्यामुळे तो झटकन सुटतो आणि सुटला ते बोटांना कळतंही. मऊ पटरची कडा बोटांच्या दाबाखाली किंचित झुकते, आणि प्लास्टिक चिकटही असेल तर सुटण्याचा क्षण पुसट होतो. अंगठा जास्त दाबला तर माथा आत जातो, सुटताना उसळून वर येतो आणि डिस्क डगमगत निघते. अनुभवी हात हा दाब सांभाळून घेतो. नवख्याचा दाब प्रत्येक पटला वेगळा असतो, म्हणून मऊ पटर त्याच्या चुकांमध्ये आणखी एक अनिश्चित गोष्ट मिसळतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी सर्वात कडक पटर घ्यावा. तसंही नाही. फार ताठ पटरला पकड कमी असली तर घामेजलेल्या हातातून तो लवकर निसटतो, आणि निसटेल या भीतीने माणूस तो गच्च धरतो. गच्च मूठ पटचा सगळा लय बिघडवते. लहान हातांच्या खेळाडूंना खोल कडेचा ताठ पटर बोटांत रुततो. त्यांना थोडी लवचीक कडा बरी वाटते आणि त्यांनी तीच घ्यावी.

माझा सल्ला असा: पहिला पटर मध्यम आणि कडक यांच्या मधला घ्या, बेस प्लास्टिकमधला आणि पृष्ठभाग कोरडा, खरखरीत असलेला. बेस यासाठी की सुरुवातीला कोरडी पकड हवी असते, आणि पटर हळू फेकला जात असल्यामुळे तो फार झिजतही नाही. बारा वेळा जगज्जेता ठरलेल्या केन क्लायमोच्या नावाची आद्याक्षरं लावलेला केसी प्रो एव्हिअर हा ताठ बेस पटर आजही विकला जातो. वर्षानुवर्षं इतके खेळाडू तो वापरत आले आहेत याचं कारण तो कशातही अतिरेकी नाही.

आता साखळ्यांकडे येऊ. मऊ पटरच्या बाजूने सांगितलं जाणारं मोठं कारण म्हणजे तो साखळ्यांवरून उसळत नाही. यात तथ्य आहे. मऊ प्लास्टिक आदळताना वाकतं, वाकण्यात थोडी ऊर्जा जिरते, साखळीशी संपर्क क्षणभर जास्त टिकतो आणि डिस्क खाली बास्केटमध्ये पडते. कडक डिस्क तीच ऊर्जा परत देते. पण हा फरक कुठे दिसतो? वेगाने मारलेल्या, खांबाच्या थोडं बाजूला लागलेल्या पटमध्ये. डिस्क मधोमध, बेताच्या वेगाने आणि योग्य उंचीवर आली तर कडकही राहते आणि मऊही. वरच्या पट्ट्याला किंवा बास्केटच्या काठाला लागली तर दोन्ही बाहेर. नव्या खेळाडूच्या चुकलेल्या पटपैकी बहुतेक साखळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी साखळ्यांतली पकड हा पुढचा प्रश्न आहे.

पट करण्याच्या पद्धतीप्रमाणेही निवड बदलते. मनगटाच्या झटक्याने, भरपूर फिरकी देऊन सरळ रेषेत मारणाऱ्यांना बहुधा ताठ पटर आवडतो, कारण त्यांना झटकन सुटणं हवं असतं. पायाच्या जोरावर वर उचलून हळुवार टाकणाऱ्यांचा पट साखळ्यांवर मंद गतीने येतो. त्यांच्या डिस्कला फिरकी कमी असते आणि त्यांच्यापैकी अनेकांना मऊ पटरचा हळुवार स्पर्श भावतो. हा नियम नाही; दोन्हीकडे उलट निवड करणारे उत्तम खेळाडू आहेत. पण आपली पद्धत अजून ठरली नसेल तर मधल्या कडकपणावर राहिलेलं चांगलं, म्हणजे पद्धत बदलली तरी पटर बदलावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट करा, जी मी स्वतः फार उशिरा केली. एकाच साच्याचे, एकाच वजनाचे दोन पटर घ्या. १० मीटरच्या आतले पट, म्हणजे ज्या वर्तुळात पट झाल्यावर तोल सावरून दाखवावा लागतो तिथले, एकाच पटरने करा. दुसरा लांब फेकायला ठेवा. फेकायचा पटर झाडांवर आपटून बदलत जातो, आणि पटचा पटर मात्र होता तसाच राहतो. दुसरा प्रीमियममध्ये घेतला तर अधिक चांगलं.

पाचवी पायरी: अप्रोच, जिथे मऊपणाची खरी किंमत कळते

मऊ प्लास्टिकची माझ्या बॅगेतली जागा इथे आहे. बास्केटपासून २० ते ६० मीटरवरून जवळ टाकायची डिस्क कुठे पडते यापेक्षा पडल्यावर किती सरकते हे महत्त्वाचं असतं. कडक कडा टणक जमिनीवर कमी कोनात आदळली की डिस्क उसळते, घसरत जाते आणि १० मीटरच्या वर्तुळात पडलेली बाहेर निघून जाते. उतार असेल तर ती कडेवर उभी राहून घरंगळतही जाते. मऊ कडा आदळताना दबते, थोडी ऊर्जा जिरते आणि डिस्क बहुधा पडली तिथेच बसते.

म्हणून अप्रोचसाठी स्थिर, कमी तरंगणारा साचा आणि मऊ प्रीमियम प्लास्टिक ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. कास्टाप्लास्टचा बर्ग हे याचं चांगलं उदाहरण: डिस्क कशी उडते ते सांगणाऱ्या आकड्यांत त्याचा वेग १ आणि तरंगणं १, म्हणजे तो हवेत रेंगाळतच नाही, आणि के१ सॉफ्टमध्ये घेतला तर जमिनीवरही फार पुढे जात नाही. डिस्क्राफ्टच्या झोनसारखे साचेही लवचीक प्लास्टिकमध्ये अप्रोचसाठी लोकप्रिय आहेत.

उलट, कधी घसरत गेलेलंच हवं असतं. समोर खाली झुकलेल्या फांद्या, बास्केट त्यांच्या पलीकडे आणि जमीन टणक असेल तर खालून फेकून डिस्क घसरत नेणं हा एकच मार्ग उरतो. तिथे ताठ, गुळगुळीत प्रीमियम डिस्क काढा. म्हणजे अप्रोचसाठी दोन्ही जातीची एक-एक डिस्क असणं ही चैन नव्हे. पण एकच विकत घ्यायची असेल तर मऊ घ्या, कारण अप्रोचमध्ये डिस्क थांबवायची गरज सरकवण्यापेक्षा कितीतरी वेळा जास्त पडते.

सहावी पायरी: मिडरेंज आणि ड्रायव्हर

इथे थोडक्यात. मिडरेंजसाठी, म्हणजे मधल्या अंतराच्या डिस्कसाठी, मध्यम ताठ प्रीमियम घ्या आणि विसरून जा.

ड्रायव्हरची कडा रुंद असते. नियमांत कडेची कमाल रुंदी २.६ सेंटिमीटर आहे आणि वेगवान ड्रायव्हर त्याच्या जवळपास पोचतात. अशी रुंद, ताठ आणि गुळगुळीत कडा लहान बोटांत नीट बसत नाही. त्यामुळे पूर्ण ताकद लावायची हिंमत होत नाही. हात लहान असेल किंवा पकड सुटत असेल तर स्टार किंवा जीस्टारसारखं किंचित लवचीक प्लास्टिक आराम देतं. पण फार मऊ ड्रायव्हर टाळा. पूर्ण ताकदीने खेचताना कडा बोटांत झुकली तर डिस्क स्वच्छ सुटत नाही आणि डगमगत निघते. ड्रायव्हर चांगला उडण्याचं श्रेय त्याच्या धारदार कडेला जातं. १९८३ साली डेव्ह ड्यूनिपेस यांनी अशी धारदार कडेची डिस्क आणली तेव्हापासून हा खेळ झेलायच्या गोल कडेच्या तबकड्यांपासून वेगळा झाला. ती कडा हातातून निघताना सरळ राहायला हवी.

एकाच साच्यातला ताठ, पारदर्शक ड्रायव्हर बेस प्लास्टिकच्या ड्रायव्हरपेक्षा बहुतेकदा अधिक स्थिर उडतो. अजून वेग कमी असलेल्या नवख्याला म्हणूनच बेस किंवा मऊसर प्रीमियममधला ड्रायव्हर लांब जातो असं वाटतं. तो भास नसतो.

सातवी पायरी: हवामान पाहून बदल करा

प्लास्टिक थंडीत ताठ होतं आणि उन्हात सैल पडतं. थंडीत त्यातल्या लांबलचक रेणूंची हालचाल मंदावते, म्हणून कालपर्यंत मध्यम वाटलेला पटर कडाक्याच्या थंडीत लाकडासारखा लागतो आणि बोटंही बधिर असतात. अशा वेळी नेहमीपेक्षा एक पायरी मऊ डिस्क काढा. तिचा कडकपणा त्या दिवशी तुमच्या नेहमीच्या डिस्कइतकाच झालेला असतो, म्हणजे हाताला ओळखीचा स्पर्श मिळतो. एक पटर जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला तरी खूप फरक पडतो.

उन्हाळ्यात याच्या उलट. तळपत्या उन्हात मऊ पटर इतका सैलावतो की अंगठ्याखाली माथा दबलेलाच राहतो. दुपारच्या फेरीला कडक पटर न्या.

पावसात मात्र कडक-मऊ हा प्रश्न जवळजवळ बाजूला पडतो. तिथे पृष्ठभाग महत्त्वाचा. पारदर्शक, चकचकीत प्रीमियम प्लास्टिक ओलं झालं की निसटतं, मग ते मऊ का असेना. कोरड्या पोताचं बेस प्लास्टिक अशा वेळी अधिक साथ देतं. दोन टॉवेल न्या: एक डिस्कसाठी, एक फक्त हातांसाठी. प्रत्येक फेकीआधी कडेची आतली बाजूही पुसा. बोटं तिथेच असतात आणि लोक तीच विसरतात.

आठवी पायरी: स्वतःची चाचणी घ्या

इथवरचं सगळं वाचून झालं तरी निर्णय तुमच्या हातानेच घ्यायचा आहे. त्यासाठी एक सोपी रीत आहे.

एकाच साच्याचे, शक्य तितक्या सारख्या वजनाचे दोन पटर मिळवा, एक कडक आणि एक मऊ. विकत घ्यायची घाई नको. ओळखीच्या खेळाडूंकडून मागून घ्या. या खेळातली माणसं डिस्क हातात द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत. मग ५ मीटर, ७ मीटर आणि १० मीटर अंतरावरून प्रत्येक पटरने २०-२० पट करा. एका पटरचे सगळे आधी आणि दुसऱ्याचे नंतर असं करू नका, दर पाच पटनंतर अदलाबदल करा. नाहीतर हात तापल्यामुळे किंवा दमल्यामुळे झालेला फरक प्लास्टिकच्या नावावर जाईल.

आत किती गेले यापेक्षा चुकलेले कुठे गेले ते लिहून ठेवा: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, की साखळ्यांना लागून बाहेर. वही खिशात असू द्या, कारण चाळीस पटनंतर आठवण आपल्याला आवडलेल्या पटरची बाजू घेते. एका पटरचे चुकलेले पट एकाच बाजूला पडत असतील तर ते चांगलं चिन्ह आहे: सुटणं सारखं आहे, फक्त नेम सुधारायचा आहे. दुसऱ्याचे चारी दिशांना विखुरलेले असतील तर तो अजून तुमच्या हाताचा नाही, जरी त्याचे दोन पट जास्त आत गेले असले तरी. साखळ्यांना लागून बाहेर पडलेल्यांची संख्या एखाद्या पटरमध्ये खरोखरच जास्त असेल, आणि हे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी दिसलं, तर मऊकडे सरकण्याचा विचार करा.

हीच चाचणी एका थंड दिवशी आणि एका गरम दिवशी घ्या. निकाल उलटे आले तर दोन्ही पटर ठेवायला तुमच्याकडे योग्य कारण आहे.

निवड झाली की निदान दोन-तीन महिने ती बदलू नका. पट चुकला की नवीन प्लास्टिक शोधायचा मोह होतो आणि त्यातच पुष्कळांचा सरावाचा वेळ जातो.

नववी पायरी: जपणूक, आणि बदलायची वेळ

उन्हात बंद गाडीत डिस्कची बॅग ठेवू नका. मी एकदा ठेवली होती, आणि सर्वांत वर असलेला माझा मऊ पटर संध्याकाळी होडीसारखा वाकडा झालेला मिळाला. अशी डिस्क कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून, हाताने सरळ करून सपाट जागेवर थंड होऊ दिली तर बरीचशी पूर्ववत होते. मऊ डिस्क बॅगेत तिरक्या, दाबून कोंबलेल्या राहिल्या तरी हळूहळू वाकतात, म्हणून त्यांना उभं आणि सैल ठेवा.

कडेवर पडलेला बारीक, बोट कापणारा कंगोरा सँडपेपरने घासून काढायला नियमांची हरकत नाही. पण डिस्क तापवून, घासून किंवा तिच्यावर काही प्रक्रिया करून ती मुद्दाम मऊ करणं, की जेणेकरून तिचं मूळ उडणं बदलेल, हे नियमबाह्य आहे. तडा गेलेली डिस्कही स्पर्धेत चालत नाही. ताठ बेस प्लास्टिकची कडा थंडीत आपटल्यावर कधी केसाएवढी चीर पडते आणि ती पटकन दिसत नाही. फेरीआधी कडेवरून नख फिरवून बघा.

पटर बदलायची वेळ आली की जुना बरोबर घेऊन जा. दोन्ही हातांत एक-एक धरा आणि दोन्ही माथे एकाच वेळी अंगठ्याने दाबा, मग दोन्ही कडा. नवा थोडा ताठ लागला तर घाबरू नका. जुनाही नवा असताना तसाच होता, तुमच्या हातात तो सैलावला आहे. नवा जुन्याइतकाच मऊ लागला, तर त्यापेक्षा कडक असलेला तिथे आहे का ते आधी बघा.